गटचर्चेतले बोलणे गटातच राहावे

आशा सेविका साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ‘दाभोशाची आशा म्हणाली’ एवढे अहवालात आले, की ती कोण हे जव्हारभर कळते. म्हणून आशांच्या कामावर गटचर्चा घेताना केवळ नाव गाळून भागत नाही, गाव-पाडाही गाळावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्वेच्छेची संमती आणि गोपनीयता मागतात. पण निरोप वरिष्ठांकडून गेला, तर ‘नाही’ कोण म्हणणार? बोलावणे संशोधकानेच द्यावे, साहेब खोलीत नसावेत. संशोधक स्वतःच्या मौनाची हमी देईल, इतर सातजणींच्या नाही. हे सुरुवातीलाच सांगावे. थकलेल्या मानधनाचे गटात बोलता येईल. छळाबद्दल मात्र एकेकटीशीच बोलावे. बोलणारीची नोकरी धोक्यात घालणारे संशोधन आरोग्यसेवा सुधारणार नाही.