दहा रुपयांचा इतिहास

आपल्या शहरांत खोदकामाला तोटा नाही. पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल, गॅस, मेट्रो. एकाने बुजवले की दुसरा उकरायला हजर. या रांगेत नंबर लागत नाही तो फक्त पुरातत्त्वज्ञाचा. त्याची आठवण होते ती जेसीबीने काम उरकल्यावर, बहुधा वर्तमानपत्रात फोटो छापून आल्यावर.

इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये हा क्रम उलटा आहे. रोमन ठाणे, त्यावर व्हायकिंगांची वस्ती, त्यावर मध्ययुगीन पेठा, अशा थरांवर हे शहर उभे आहे. तिथल्या जुन्या भागात बांधकाम काढायचे तर आधी चाचणी चर घेतले जातात. जागेच्या साधारण दोन ते पाच टक्के भागात अरुंद चर खणायचे, किती खोलीवर काय आहे ते नोंदवायचे, मग पाया कुठे आणि किती खोल घ्यायचा ते ठरवायचे. खाली महत्त्वाचे काही निघाले तर इमारतीचा आराखडा बदलतो. नव्या पायामुळे जुन्या थरांचे पाच टक्क्यांहून अधिक नुकसान होऊ नये, असा तिथला दंडकच आहे.

इंग्रजांनाही हे शहाणपण ठेच लागूनच आले. १९७९च्या कायद्याने यॉर्कसह पाच शहरांत बांधकामाआधी उत्खननाला वेळ मिळाला. खर्च कोणाचा, हे मात्र मोघमच राहिले. १९८९ साली लंडनमध्ये एका कार्यालयीन इमारतीच्या पायात ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. शेक्सपिअरची नाटके जिथे झाली ती जागा वाचवायला नट-नट्या रस्त्यावर उतरल्या. काम थोपवण्यासाठी सरकारला दहा लाख पौंड मोजावे लागले, आराखडाही बदलावा लागला. पुढच्याच वर्षी सरकारी मार्गदर्शिका निघाली: तपासणी परवानगीच्या आधी, आणि खर्च बांधणाऱ्याचा. त्यात बांधणाऱ्याचेही हितच होते. अर्ध्यावर थांबलेल्या इमारतीपेक्षा चार चर केव्हाही स्वस्त.

शिवाय या खोदकामातून पैसाही निघतो. यॉर्कच्या कॉपरगेटला बाजारसंकुल उभे राहण्यापूर्वी १९७६ ते १९८१ उत्खनन झाले. सुमारे ४० हजार वस्तू मिळाल्या आणि १९८४ साली तिथेच ‘यॉर्विक’ केंद्र उघडले. शहरातल्या एका बँकेच्या जागेत १९७२ साली सापडलेली, वीसेक सेंटिमीटर लांबीची, अश्मीभूत व्हायकिंग विष्ठाही तिथे काचेआड ठेवली आहे. लोक तिकीट काढून ती पाहतात.

आमच्या मातीत काय आहे ते आम्हाला माहीत नाही, असे म्हणायची सोय महाराष्ट्राला नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीने ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची ब्राँझची मूर्ती दिली. तिथे १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. १९५०-५१ साली नाशिकच्या गढीचेही झाले. पुण्यात २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुने भुयार लागले, तेव्हा मात्र धावपळ झाली.

कायद्याची नजर जमिनीच्या वरच. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. त्यापलीकडच्या गावठाणात वाडा पाडून पार्किंगसाठी दोन मजले खोल जा, खाली काय होते हे विचारायला कोणी येत नाही. मातीत दडलेल्या वस्तूंची आठवण ठेवणारा कायदा आहे तो १८७८चा, गुप्तधनाचा: दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर कलेक्टरला कळवावे. सातवाहनकालीन खापराला जुन्या बाजारात दहा रुपये कोण देणार? म्हणजे कळवण्याचा प्रश्नच मिटला.

पाया घेण्यापूर्वी माती परीक्षणासाठी बोअर घेतलाच जातो. त्याच वेळी पुरातत्त्वज्ञाला बोलावून दोन चर घेतले तर बिल्डरचे दिवाळे निघणार नाही. चर वाचायला जाणकार लागतात, तर पुण्याचे डेक्कन कॉलेज ते पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहे. पैठण, जुन्नर, नाशिक, कोल्हापूर आणि पुण्याची कसबा पेठ, एवढ्या गावठाणांपुरती तरी नगरविकास खात्याने बांधकाम परवानगीत ही अट घालावी.