आग्रह पुरे!

लग्नामुंजीच्या पत्रिकेत तळाशी एक ओळ छापलेली असते : ‘आपली उपस्थिती हाच आहेर.’ माझी नम्र सूचना अशी आहे की, तिच्याखाली आणखी एक ओळ छापावी : ‘जेवताना आग्रह केला जाणार नाही.’ अशी पत्रिका आली तर भर मार्चअखेरीला रजा टाकून मी स्वखर्चानं हजर राहीन. आणि आहेरही आणीन.

माझं भांडण जेवणाशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुरणपोळीवर माझा जीव आहे आणि उकडीच्या मोदकासाठी मी बसची रांग सोडलेली आहे. भांडण आहे ते वाढणाऱ्याशी. चाळिशी उलटलेल्या माणसाला या देशात मत देता येतं, गृहकर्ज घेता येतं, दुसऱ्याच्या गृहकर्जाला जामीनसुद्धा राहता येतं. पण पोळी अर्धी हवी की अख्खी, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही.

पंगतीचा कायदाच असा की आरोपी सुटूच नये. पान स्वच्छ केलंत, म्हणजे तुम्हाला आणखी हवंय. पानात ठेवलंत, म्हणजे अन्नाचा अपमान. हळू जेवलात, तर ‘लाजताय काय, घर आपलंच आहे.’ भरभर जेवलात, तर ‘भूक दिसतेय, वाढा हो यांना!’ पानावर दोन्ही हात आडवे धरले तर वाढप्या बोटांच्या फटीतून बासुंदी सोडतो. पोळी एक घेतली की ‘जोडी मोडू नये.’ दोन घेतल्या की ‘एक माझ्यासाठी.’ तिसरी पोटात गेली की तोच गृहस्थ हात धुताना सांगतो, ‘पोट सुटलंय हं तुमचं. व्यायाम करा.’

यावर पेटंट उत्तर ठरलेलं आहे : ‘अहो, सण वर्षातून एकदाच येतो!’ मी बी.कॉम. आहे. मला असल्या नोंदी दाखवू नका. पाडव्याचं श्रीखंड वर्षातून एकदाच. अक्षय्य तृतीयेचा आमरस एकदाच. नारळीभात एकदाच, मोदक एकदाच, दिवाळीचा फराळ एकदाच, संक्रांतीची गुळपोळी एकदाच, होळीची पुरणपोळीही एकदाच. प्रत्येक नोंद बरोबर आहे. पण खाली बेरीज नावाची एक गोष्ट असते, ती कोणी मारतच नाही. शिवाय मधे उपास असतात, आणि आमच्याकडे उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि रताळ्याचा कीस असतो. एकादशीला आम्ही दुप्पट खातो हे म्हणीतच नोंदवून ठेवलंय, तेव्हा मी वेगळी साक्ष काढत नाही.

वाग्भटानं अष्टांगहृदयात सांगून ठेवलंय की पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नासाठी, एक पातळ पदार्थांसाठी, आणि चौथा वाऱ्यासाठी मोकळा सोडावा. तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस, पण हिशेब चोख. त्यानं आग्रहासाठी पाचवा भाग धरलेला नाही. आजचे डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. पोट भरल्याची बातमी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पूर्वी चेक क्लिअरिंगला जाऊन यायला वेळ लागायचा, तसंच. मधल्या काळात खात्यात शिल्लक दिसत असते, आणि आग्रह करणारा नेमका त्याच काळात गाठतो. वीस मिनिटांनी कळतं की आपण ओव्हरड्राफ्टमधे आहोत.

आता आग्रहाची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल की एकतर्फी लिहिलं. माझी आजी आग्रहात पट्टीची होती. 1965 साली पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून आवाहन केलं, तेव्हा ते तिनं पाळलं. 1972 च्या दुष्काळात तिनं परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या थापल्या. त्या काळी पाहुणा अर्ध्या पोटी ‘पुरे’ म्हणायचा, कारण डब्यात किती आहे ते त्याला ठाऊक असायचं. आणि डब्यात किती आहे ते त्याला कळू नये म्हणून आजी आग्रह करायची. मागून ती स्वतः काय जेवली, हे कोणी विचारलं नाही. त्या आग्रहाला मी लांबून नमस्कार करतो. पण आता ना तो डबा राहिला, ना तो पाहुणा. कार्बन पेपर कधीच गेला, तरी काही ठिकाणी फॉर्म अजून तीन प्रतींत मागतात. त्यातलाच हा प्रकार.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. माझ्या मुलाची मुंज होती. थोरल्या दादाला मधुमेह. त्यानं पानावर हात आडवे धरले होते आणि वहिनी लांबून मानेनं नको नको करत होत्या. मी यजमान, अंगात सोवळं, हातात जिलब्यांचं ताट, मागे चार चुलतभाऊ चेव आणायला. म्हटलं, ‘दादा, पुतण्याची मुंज पुन्हा होणार आहे का?’ दादानं हात काढले. पाच जिलब्या खाल्ल्या, वर मठ्ठा. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी त्याची साखर चारशेच्या वर गेली आणि दोन रात्री मी दवाखान्यातल्या बाकावर काढल्या. दादा एका शब्दानं बोलला नाही. वहिनीही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

बाकावर बसल्या बसल्या मला गणपतीची गोष्ट आठवली. मोदक खाऊन गणपती निघाला, वाटेत उंदीर सापाला बुजला, देव पडले, पोट फुटलं, तोच साप कमरेला बांधून आवळून घेतलं. चंद्र हसला म्हणून त्याला शाप. सगळं ठीक. पण इतके मोदक ज्यांनी वाढले, ते भक्त मोकळे सुटले, ते कसे काय?

तेव्हापासून मी वाढायला उभा राहत नाही, आणि बसलो की डाव्या बाजूला चिकटून असतो. वाढप्या लाडू घेऊन येताना दिसला की ओरडायचं, ‘कोशिंबीर!’ परत आला की ‘लिंबू!’ मग ‘जरा ताक आणता?’ त्याला वाढल्याचं समाधान मिळतं, आपला जीव वाचतो. जिलबी नाकारणारा पाहुणा पंगतीला चालत नाही, पण कोशिंबिरीचा हावरा चालतो. ‘पथ्य आहे’ असं मात्र कधी म्हणू नये. त्या शब्दानं आग्रहाला ऊत येतो.

यंदाच्या पाडव्याला दादाकडे जेवायला होतो. वहिनींनी वाटीत श्रीखंड वाढलं, चमचाभर कमीच. मी चवीनं, सावकाश संपवलं. त्या भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, आणखी?’ मी सवयीनं म्हटलं, ‘नको, नको.’ ‘बरं,’ म्हणाल्या, आणि भांडं घेऊन आत गेल्या.

मी वाटीकडे बघत बसलो. दारातून त्या पुन्हा येतील असं वाटत होतं. समोर दादा ताक पीत होता आणि मिशीत हसत होता.

परतताना रिक्षात बायकोला म्हटलं, ‘वहिनी बदलल्या हं. पूर्वीसारखं राहिलं नाही.’