खोडरबर घरी ठेवा

चित्रकलेच्या तासाला मुलांना माणूस काढायला सांगा. आधी डोळे, मग पापण्या, आणि माणूस उभा खांबासारखा!

रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळणारे पाहा. कुणी उकिडवा, कुणी एका पायावर भार दिलेला. एकेकाला मिनिटभरच द्यावे. मानेपासून टाचेपर्यंतचा बाक एका रेषेत, मग खांद्यांचा नि कमरेचा तिरकेपणा. चेहरा नकोच. तो हलला, तर नवे चित्र. पहिली पन्नास बिघडणारच. आर. के. लक्ष्मण लहानपणी खिडकीतून दिसणारे कावळे, लाकडे फोडणारे गडी काढत. तरी पुढे जे. जे. स्कूलने त्यांना प्रवेश नाकारलाच.

पालकांनी वहीची स्वच्छता तपासू नये. विश्वस्तांनी महिन्यातून एक तास वर्गाबाहेर मंजूर करावा. खर्च फक्त पेन्सिलींचा.