सात वजाबाक्यांची वाट

राळेगणसिद्धीची गोष्ट सांगताना १९७५ हे साल टाळता येत नाही. लष्करातून बाहेर पडलेले अण्णा हजारे त्या साली गावी परतले. पुढे यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, पाणी अडवायची कामं उभी राहिली. त्याच साली मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी देवळालीच्या एका निवृत्त शाळामास्तरांच्या आकडेमोडीवर लिहिलं. मास्तरांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण १९७५ पाटीवर लिहिलं, तर त्याच पाटीवरून मास्तरांच्या दारात पोचता येतं.

त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९७५१, चढत्या क्रमाने १५७९. वजाबाकी ८१७२. तिच्यावर पुन्हा तोच उद्योग: ७४४३. मग ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या खेपेला ६१७४. पुढे? ७६४१ मधून १४६७ गेले, उरले ६१७४. गाडी आता इथून हलत नाही.

हा चमत्कार कापरेकरांना १९४६ मध्ये दिसला. १९४९ मध्ये त्यांनी तो मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापला. १९३० ते १९६२ ते देवळालीत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, त्यामुळे विद्वानांपैकी बऱ्याच जणांनी हे सगळं पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. खेळ होताच तो. पण पोरखेळ नव्हे.

कारण यामागे कारण आहे. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले, तर उत्तर दोनच फरकांवर ठरतं: पहिल्या-चौथ्या अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक गुणिले ९०. म्हणजे चार अंकी हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत अवघ्या ५४ उत्तरांवर येऊन पडतात. तिथून ६१७४ फार लांब नाही. एकूण सात वजाबाक्यांपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. आणि मध्येच ९९९ आले तर ते ०९९९ असं लिहायचं.

नापास मुलांना आवर्जून घेणारी म्हणून राळेगणची शाळा गाजली होती. तिथल्या फळ्यावर हे गणित शोभेल. उसने घेऊन वजाबाकी आली की पुरे, आणि ११११ किंवा ७७७७ सोडले तर यात नापास होण्याची सोयच नाही.

६१७४ चे अंक मिळवले तर बेरीज १८, आणि १८ ने त्याला नेमका भाग जातो: १८ गुणिले ३४३. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना आनंद देणारी म्हणून 'हर्षद' हे नावही कापरेकरांनीच दिलेलं.

जन्मसालं घेऊन बसलं की गंमत वाढते. अण्णांचं १९३७: आधी ८३५२, लगेच ६१७४. दोन वजाबाक्यांत काम फत्ते. डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांचं १९०५ मात्र सगळ्यात लांबची वाट धरतं, पुरत्या सात वजाबाक्यांची. ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. राळेगणच्या १९७५ ला पहिल्याच वजाबाकीत भेटलेली ती हीच. तिथून दोघांची वाट एकच.