चार कोटी अंकांची निरुपयोगी संख्या

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केला, की उरते ती मूळ संख्या, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये सिद्ध झाले. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पाने लागतील. अशा बातमीला एक शेपूट हमखास असते: बँकेचे व्यवहार मूळ संख्यांमुळे सुरक्षित राहतात, म्हणून हा शोध मोलाचा. हे समर्थन लंगडे आहे. माहिती सांकेतिक करणाऱ्या आरएसए पद्धतीच्या नेहमीच्या कुलपाला सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. पेपरात छापून आलेली किल्ली काय कामाची?

मग ही संख्या शोधणाऱ्या ल्यूक ड्युरांट या अमेरिकी अभियंत्याने पदरचे पैसे घालून १७ देशांतली यंत्रे राबवली ती निव्वळ हौसेपोटी? हौस आहेच. पण मोल संख्येचे नसून तिच्या पुराव्याचे आहे. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये कोणत्या घातांकांना अशा मूळ संख्या मिळतात याची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकून शिरले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६७ चा दावा फ्रेंच गणितज्ञ ल्यूकाने १८७६ मध्ये खोडला, तोही एकही अवयव न सांगता. अवयव हाती आले १९०३ मध्ये, कोल या गणितज्ञाकडून: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ल्यूकाची, पुढे लेमर या गणितज्ञाने सोपी केलेली रीत शाळकरी मुलालाही जमेल. घातांक ५ घेतला तर संख्या ३१. चारपासून सुरुवात करा. दर वेळी वर्ग करून २ वजा करा आणि ३१ ने भागून बाकी ठेवा. ४, १४, ८, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, म्हणून ३१ मूळ. ड्युरांटच्या संख्येसाठी हेच तेरा कोटींहून अधिक वेळा करावे लागते. एका पायरीत जरी एक अंक चुकला, तर निकालावर विसंबता येत नाही. म्हणूनच डब्लिनच्या यंत्राने संख्या मूळ असावी असे सुचवल्यावर सॅन अँटोनिओतल्या दुसऱ्या यंत्राने या रीतीने ते सिद्ध केले.

यात जाळलेली वीज वाया गेली, हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. मात्र इतकी कठोर आकडेमोड यंत्रांचीही परीक्षा घेते. इंटेलच्या पेंटियम चिपमधली भागाकाराची चूक १९९४ मध्ये गणितज्ञ थॉमस नाइसली यांच्या लक्षात आली ती जुळ्या मूळ संख्यांचा हिशेब करताना. २०१६ मध्ये स्कायलेक चिपचा दोष तर मर्सेन संख्या शोधणाऱ्या आज्ञावलीनेच उघड केला. अर्थात, हा जोडधंदा झाला. मूळ मुद्दा हा, की इथे कुणाच्या नावावर, पदावर विश्वास ठेवावा लागत नाही. शंका असेल त्याने ३१ ऐवजी १२७ (घातांक ७) घ्यावा आणि पाटीवर पाच पायऱ्या करून पाहाव्यात: ४, १४, ६७, ४२, १११. पुढची बाकी स्वतः काढा.