पत्र कोणाच्या नावाने?

साहित्यसंस्थांच्या कार्यकारिणीत एक वाक्य हमखास ऐकू येते: 'ई-पत्र कोणत्या पत्त्यावरून गेले याला काय महत्त्व? मजकूर पोचला म्हणजे झाले.' सभासदांना पत्रे पाठवण्याचे काम एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे न्यायची वेळ आली की या वाक्याला जोर चढतो. दरांवर तासभर खल होतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र 'नवी कंपनी देईल तो' म्हणून दोन मिनिटांत निकालात निघतो. आमच्या मते हे नेमके उलटे आहे. कंपनी कोणतीही चालेल; पत्त्यातले नाव, म्हणजे डोमेन, संस्थेचे स्वतःचेच हवे.

हे तांत्रिक खुसपट आहे असे म्हणणाऱ्यांत मराठीचे अध्यापकही असावेत, याचे आश्चर्य वाटते. १८८१ पासून 'केसरी'चे संपादक असलेले गोपाळ गणेश आगरकर मतभेदांमुळे १८८७ मध्ये बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. लेखणी तीच होती. पण 'केसरी' हे नाव आणि त्या नावाभोवती जमलेला वाचक त्यांच्याबरोबर आला नाही. हा प्रसंग आपण वर्गात वैचारिक संघर्ष म्हणून शिकवतो. नाव कोणाच्या हाती राहिले, हा त्यातला भाग आपण सहसा वगळतो.

आता आजच्या पर्यायांकडे पाहू. फुकटच्या खात्याचा पत्ता तसाच ठेवून पत्रे नव्या कंपनीच्या सर्व्हरवरून पाठवायची, हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक मार्ग. आपल्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हे डोमेनचा मालकच जाहीर करू शकतो. पत्रावरची अदृश्य सहीही त्याच्याच अधिकारातली. फुकटच्या पत्त्याचा मालक आपण नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जगाला कळवले की आमच्या नावाचे पण आमच्या सर्व्हरवरून न निघालेले पत्र नाकारा. तेव्हा कुणाचेही वाईट न चिंतणाऱ्या असंख्य मंडळांची पत्रे परत येऊ लागली. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहू या दोघांनीही मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना हे पुरावे सक्तीचे केले आहेत.

दुसरा मार्ग कंपनीच्याच डोमेनचा. तो पहिल्या दिवसापासून सुरळीत चालतो, म्हणूनच फसवा आहे. ठाण्यात, नौपाड्यात, जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जातात आणि परतलेल्या रहिवाशांना फाटकावर बिल्डरचे नाव मोठ्या अक्षरांत दिसते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे घरही भाड्याचे असते. तुम्ही वर्षानुवर्षे नेमाने पत्रे पाठवून जी पत मिळवता ती कंपनीच्या नावावर जमा होते. शिवाय त्याच नावाने कुणी भलत्या जाहिराती पाठवल्या तर त्याचा डाग तुमच्यावरही पडतो. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले तेव्हा त्या नावाचे सगळे पत्ते एका दिवसात निर्जीव झाले. तिथे रमलेल्या मराठी मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

स्वतःचे डोमेन घ्यायचे ठरले की लगेच अस्मितेचा मुद्दा निघतो: मराठी संस्थेचा पत्ता देवनागरीतच हवा. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' उपलब्ध आहे आणि संकेतस्थळासाठी ते जरूर घ्यावे. परंतु देवनागरी पत्त्यावरून निघालेले पत्र आजही सगळे सर्व्हर स्वीकारत नाहीत. अभिमानापायी वाचकच गमावणे हा कसला भाषाभिमान? पत्ता साध्या '.इन'चा ठेवावा आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी संस्थेचे नाव देवनागरीत लिहावे. ते व्यवस्थित उमटते. सामूहिक पत्रांसाठी त्याच डोमेनचे एक उपडोमेन वेगळे काढावे, म्हणजे कुणी वैतागून तक्रार केली तरी कार्यालयाच्या पत्रव्यवहाराला त्याची झळ सहसा लागत नाही. आणि नव्या सर्व्हरवरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना पत्र धाडू नये. थोड्याथोड्यांपासून सुरुवात करावी.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. एवढी वर्षे टिकणाऱ्या संस्था ज्या परिसरात आहेत, तिथे नवे मंडळ आपले डोमेन कार्यवाहांच्या भाच्याच्या नावावर, त्याच्याच क्रेडिट कार्डावर नोंदवते! भाचा परदेशी जातो, कार्डाची मुदत संपते, नूतनीकरण राहून जाते आणि ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घ्यावे. नूतनीकरणाची रक्कम दिवाणखान्यातल्या चर्चेत नव्हे, वार्षिक अंदाजपत्रकात दिसली पाहिजे. आणि पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असला पाहिजे, ज्यांतले एक तरी पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नाही.