दहा महिन्यांचा ॲडव्हान्स

बेंगळुरूत 35 हजार भाड्याचा टू बीएचके पसंत पडला, की घरमालक शांतपणे सांगतो, ‘ॲडव्हान्स टेन मंथ्स.’ म्हणजे चावी हातात पडण्याआधी साडेतीन लाख मोजा. मुंबई-पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असलेलं मराठी जोडपं आधी हसतं, मग ब्रोकरकडे बघतं. ब्रोकर हसत नाही. बरीच घासाघीस केली तर मालक सहा महिन्यांवर येतो, पण घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापून घेतो. भिंतीवर ओरखडाही नसला तरी!

आयुष्यातले मोठे खर्च म्हटले की घर, मुलांचं शिक्षण, लग्नकार्य, म्हातारपणीचं आजारपण ही नावं तोंडावर येतात. हा ॲडव्हान्स त्यांत कुणी धरत नाही, कारण तो परत मिळणार असतो. परत मिळतोही बहुधा, पण बिनव्याजी. साडेतीन लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला साडेचोवीस हजार सुटले असते. ज्याच्याकडे एवढी रक्कम नसते तो पर्सनल लोन काढतो आणि मालकाला बिनव्याजी वापरायला मिळालेल्या पैशाचं व्याज स्वतः भरतो.

हाच पैसा स्वतःच्या घराच्या डाउन पेमेंटला लागणार असतो. 80 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 69 हजारांच्या पुढे जातो आणि एकूण व्याज मुद्दलाहून जास्त होतं. त्यात कर्नाटक सरकारने 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के केलं. कोटीच्या फ्लॅटला सरळ एक लाखाचा फटका.

दुसरी वाट ‘लीज’ची. मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, दोन-तीन वर्षं भाडं शून्य, शेवटी रक्कम परत. ऐकायला झकास. पण मधला दलाल मालकाकडून घर भाड्याने घेतो, परस्पर दुसऱ्या कुटुंबाला लीजवर देतो, काही महिने मालकाला भाडं पोचवतो आणि पसार होतो, असे गुन्हे या शहरात नोंदले गेले आहेत. मग खरा मालक दारात उभा राहतो आणि आयुष्यभराची बचत देऊन बसलेलं कुटुंब पोलिस ठाण्यात.

कायदा कुठे आहे? कर्नाटकाचा भाडे कायदा 1999 चा. बेंगळुरूत महिना साडेतीन हजारांवर भाडं असलेली घरं त्यातून वगळलेली. आज या शहरात त्या पैशात एक खोली मिळणंही मुश्कील, म्हणजे जवळजवळ सगळेच भाडेकरू कायद्याबाहेर. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारालाही नोंदणी सक्तीची आहे. इथे स्टॅम्प पेपरवर दोन सह्या झाल्या, की काम झालं. केंद्राने 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलं. मात्र तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर सोडलं.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. भाडं थकवून ठाण मांडून बसलेल्या माणसाला बाहेर काढायला दिवाणी न्यायालयात वर्षं जातात, आणि निवृत्त माणसाची तर कधी भाड्यावरच गुजराण असते. पण ही भीती कूर्मगती न्यायाची आहे. तिची किंमत वेळेवर भाडं भरणाऱ्याने का मोजावी? त्याच आदर्श कायद्यात भाडे न्यायालयाने 60 दिवसांत निकाल द्यावा, अशी तरतूद आहे. कर्नाटकाने दोन महिन्यांची मर्यादा आणि 60 दिवसांची मुदत एकदमच आणावी. नुसती पहिली आणली, तर उरलेले आठ महिने रोखीत मागितले जातील.